पोलाद किती, यापेक्षा भट्टी कोणती?



मागील महिन्यात देऊळगाव राजा येथे एका स्नेह्यांच्या पेढीवर बसण्याचा योग आला. सिमेंट आणि सळईचा त्यांचा व्यवहार तिसऱ्या पिढीत चालू आहे. दुपारची वेळ होती. जालन्याहून आलेली मालमोटार रिकामी होत होती. हमाल बंडले उतरवीत होते आणि स्नेह्यांचे चिरंजीव वजनकाट्याची पावती पडताळून पाहत होते. अभियांत्रिकीची पदवी घेऊन हा मुलगा दोन वर्षांपूर्वी पेढीवर आला. हिशेब चोख, बोलणे नम्र आणि मनात काही नवे करण्याची उमेद. चहा झाल्यावर त्याने एक वही पुढे ठेवली. तीत ऑक्सिजनचे सिलिंडर भरण्याच्या कारखान्याचे अंदाजपत्रक होते.

तो म्हणाला, "काका, देशातले पोलाद येत्या काही वर्षांत दुप्पट व्हायचे आहे. पोलादाला ऑक्सिजन लागतो. जालन्याच्या भट्ट्या आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. मग मागणी वाढल्यावाचून राहील कशी?"

वडील इतका वेळ गप्प होते. ते एवढेच म्हणाले, "भाऊसाहेब, यासाठी घरातल्या मुदत ठेवी मोडाव्या लागतील. आईच्या नावावरच्यासुद्धा. आपण विचार करून सांगा."

मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या पंधरा दिवसांत जे वाचले, जाणत्यांना जे विचारले आणि जो ताळा केला, तो या सदरात मांडतो आहे. प्रश्न एका घराचा असला, तरी लोखंडाच्या व्यापारात असलेल्या आपल्या अनेक कुटुंबांपुढे तो आज ना उद्या येणारच आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. पोलादाला ऑक्सिजन का लागतो? खनिजापासून झोतभट्टीत जे लोखंड निघते, त्यात कार्बन सुमारे ४ टक्के असतो. असे लोखंड ठिसूळ असते. तो कार्बन जाळून अगदी अल्प प्रमाणावर आणला की त्याचे पोलाद होते. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री बेसेमर यांनी वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून हे साधले. परंतु हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो पोलादात मुरून त्याला ठिसूळ करी. शुद्ध ऑक्सिजन फुंकावा, हे सर्वांना कळत होते; पण तो स्वस्त आणि विपुल मिळत नव्हता. हवा थंड करून तिचे घटक वेगळे करण्याचे तंत्र पुरेसे मोठे झाल्यावर १९५२ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे शुद्ध ऑक्सिजनच्या झोताने पोलाद करण्यास आरंभ झाला. पुढील वर्षी डोनाविट्झ येथेही ते सुरू झाले. या दोन गावांच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीस एलडी हे नाव पडले. भारतात ती प्रथम राउरकेला येथे आली.

या पद्धतीत एक टन पोलादामागे साधारण ५० ते ६० घनमीटर ऑक्सिजन फुंकावा लागतो. आपल्या परिचयाचा उंच काळा सिलिंडर ७ घनमीटरांचा असतो. म्हणजे टनामागे सात-आठ सिलिंडर झाले. शंभर टनांचे एक पात्र घेतले, तर एका घाण्याला सातशे ते साडेआठशे सिलिंडर लागतील, आणि हा सारा वायू वीस मिनिटांच्या आत फुंकला जातो. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, ही मागणी प्रचंड आहे. दुसरी, ती सिलिंडरने भागवणे केवळ अशक्य आहे. म्हणून असे कारखाने हवा विलग करणारे संयंत्र आपल्याच आवारात उभे करतात किंवा वायू बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून तेथेच उभे करून घेतात. वायू नळाने थेट भट्टीपर्यंत जातो. मधे व्यापाऱ्याला जागाच उरत नाही.

आता जालन्याकडे वळू. देऊळगाव राजाच्या पेढीवर उतरणारी सळई तेथूनच येते, आणि आपल्या तरुण मित्राचे सारे गणितही तेथेच टेकलेले आहे. जालन्याचे पोलाद खनिजापासून होत नाही. तेथे भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज खेळते आणि धातू आतल्या आत तापून वितळतो. टनामागे वीज लागते साधारण सहाशे युनिट. कार्बन जाळण्यासाठी ऑक्सिजनचा झोत फुंकण्याचे काम या भट्टीत साधारणतः होत नाही. म्हणूनच भट्टीत जे घालाल, त्याच्याच गुणावर पोलादाचा गुण ठरतो. चांगले भंगार निवडून घेणे हीच तेथील मुख्य विद्या.

मग जालन्यासारख्या ठिकाणी ऑक्सिजन लागतो कोठे? मोठे भंगार भट्टीच्या मापाचे कापायला, गोठलेला धातू फोडायला, ओतलेली बिलेट लांबीप्रमाणे तोडायला. काही ठिकाणी धातू ढवळून स्वच्छ करण्यासाठी आर्गनही लागतो. हा खप खरा आहे, रोजचा आहे. परंतु शुद्ध ऑक्सिजन फुंकणाऱ्या कारखान्यापुढे तो टनामागे अल्पांशच म्हणावा लागेल. देशातील एकूण पोलादापैकी साधारण एक तृतीयांश पोलाद अशा इंडक्शन भट्ट्यांतून निघते. तेव्हा "पोलाद वाढले की ऑक्सिजन वाढला" हे वाक्य देशाच्या सरासरीला लागू पडेल, पण जालन्याच्या टनाला ते लागू पडणार नाही.

देशाची सरासरी मात्र खरोखरच चढती आहे. २०१३-१४ मध्ये भारतात सुमारे ८ कोटी १७ लाख टन कच्चे पोलाद झाले. २०२३-२४ मध्ये ते १४ कोटी ४० लाख टनांच्या पुढे गेले. २०१८ मध्ये आपण जपानला मागे टाकून जगात दुसऱ्या स्थानी आलो. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे आणि साडेपंचवीस कोटी टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले आहे. या वाढीतला मोठा वाटा किनाऱ्याजवळील आणि खाणींजवळील विशाल कारखान्यांचा आहे. आपल्याच राज्यात रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे असा कारखाना आहे. तेथे ऑक्सिजनची मागणी वाढेल, परंतु ती नळाच्या दोन टोकांमध्येच मिटेल. चिरंजीवांच्या वहीत नेमकी येथेच गफलत होती. वाढ खरी होती, पण ती दुसऱ्याच्या अंगणातली होती.

ऑक्सिजनचा विचार करताना २०२१ च्या एप्रिल महिन्याला ओलांडून पुढे जाता येत नाही. त्या महिन्याने आपल्यातील किती घरांचे कर्ते माणूस नेले, हे मी येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. आमच्या मित्राच्या वहीमागेही तेच दिवस होते. सिलिंडरसाठी रात्रभर रांगेत उभे राहिल्याची आठवण त्याने मला सांगितली. आणि हा कारखाना काढण्यात केवळ नफ्याचा विचार नाही, हेही सांगितले. त्याच्या या भावनेचा आदर राखूनच पुढचे लिहितो.

पहिल्या लाटेत देशाची वैद्यकीय ऑक्सिजनची मागणी दिवसाला कमाल ३,०९५ टनांवर गेली होती. दुसऱ्या लाटेत ती ९,००० टनांच्या जवळ पोहोचली. राज्य शासनाने ३० मार्च २०२१ रोजी निर्मात्यांना ८० टक्के ऑक्सिजन रुग्णालयांना देण्यास बांधून घेतले. केंद्राने २२ एप्रिलपासून उद्योगांचा पुरवठा थांबवला, तेव्हा पोलाद कारखान्यांसह नऊ प्रकारचे उद्योग वगळले होते. २५ एप्रिलच्या आदेशाने द्रवरूप ऑक्सिजनपुरती तीही सवलत गेली. मग हा प्राणवायू आला कोठून? मोठ्या प्रमाणात तो पोलाद कारखान्यांतूनच आला. त्यांच्या आवारात ३३ ऑक्सिजन संयंत्रे होती, त्यांपैकी २९ मधून नियमित उचल सुरू झाली. त्यांची द्रवरूप ऑक्सिजनची क्षमता दिवसाला २,८३४ टन धरली जाई. २४ एप्रिल रोजी त्यांनी ३,४७४ टन बनवला. नायट्रोजन आणि आर्गन बनवणे कमी करून त्यांनी हे साधले. भट्टी सुरक्षित राहावी म्हणून साडेतीन दिवसांचा साठा राखण्याचा दंडक होता. तो अर्ध्या दिवसावर आणला आणि उरलेला माणसांसाठी मोकळा केला.

देशातील पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातून धावली. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन ती निघाली. वाघिणीवर टँकर ठेवल्यामुळे उंची वाढली होती, म्हणून घाटाचा मार्ग टाळून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा फेरा घेतला गेला. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात सात टँकरांत शंभर टनांहून अधिक द्रवरूप ऑक्सिजन भरला. तीन टँकर नागपुरात उतरले. उरलेले चार बारा तासांत नाशिकला पोहोचले, ती २४ एप्रिलची सकाळ होती. म्हणजे त्या रात्री शेगाव, नांदुरा, मलकापूर ही आपली स्थानके मागे टाकीत ते टँकर गेले. आपल्यापैकी अनेक जण त्या रात्री जागेच असतील. रुळांवरून काय चालले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

एक टन ऑक्सिजन म्हणजे सुमारे शंभर सिलिंडर. शंभर टन म्हणजे दहा हजार. एवढा साठा एका ठिकाणी भरून मिळाला, कारण तेथे भट्टीसाठी बांधलेले मोठे संयंत्र आणि द्रवाच्या टाक्या आधीच उभ्या होत्या. संकटात उपयोगी पडली ती ही टाकी. बाहेरून द्रवरूप ऑक्सिजन आणून सिलिंडर भरणारे छोटे केंद्र त्या दिवसांत कारखान्यातून टँकर येण्याचीच वाट पाहत होते. सेवेची इच्छा असेल, तर सिलिंडर भरण्याच्या केंद्राऐवजी आपल्या गावच्या रुग्णालयाच्या ऑक्सिजन संयंत्राची देखभाल, वीज-जनित्र आणि तंत्रज्ञाचे वेतन यांसाठी नियमित साहाय्य करणे अधिक फलदायी ठरेल. यंत्र दान करणारे पुष्कळ असतात. ते चालू ठेवणारे थोडे.

आता दुसऱ्या वायूकडे वळू. त्याचा संबंध थेट आपल्या जिल्ह्याच्या भूमीशी आहे. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला, हे आपण जाणतोच. त्याच्या कडेच्या पट्ट्यातून गेल कंपनीची नैसर्गिक वायूची वाहिनीही गेली आहे. मुंबई ते नागपूर आणि पुढे ओडिशातील झारसुगुडापर्यंत अशी ती सतराशे किलोमीटरांहून अधिक लांबीची योजना आहे. हा वायू ऑक्सिजनसारखा फुंकण्याचा नव्हे, जाळण्याचा आहे. रोलिंग मिलमध्ये थंड बिलेट पुन्हा ११०० ते १२०० अंशांपर्यंत तापवावी लागते. त्यासाठी आजवर कोळसा किंवा फर्नेस ऑइल जाळले गेले. एक लिटर फर्नेस ऑइलची उष्णता मिळवण्यास नैसर्गिक वायू एक घनमीटरहून किंचित अधिक लागतो. वायूची ज्योत हवी तशी कमी-जास्त करता येते, राख उरत नाही आणि ज्योत नीट राखली तर बिलेटवर खपली कमी धरते. ही खपली म्हणजे जळून गेलेले पोलादच. शंभर टनांमागे एक टक्का घट वाचली, तरी एक टन माल वाचला.

परंतु येथेही भट्टी पाहावीच लागेल. अलीकडे अनेक मिलमध्ये ओतलेली बिलेट थंड होऊ न देता तशीच लाल अवस्थेत रोलिंगला पाठवतात. तेथे पुन्हा तापवण्याची भट्टीच उरत नाही, मग वायूचा खप कसला? शिवाय आपल्या देशात लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, तेव्हा त्याचे जागतिक दर अनेक पटींनी चढले होते. वायूवर गेलेल्या मिलने दुसऱ्या इंधनाची सोय मोडून टाकू नये, हे त्यावरून शिकावे.

तिसरा वायू हायड्रोजन. त्याच्याविषयी सध्या फार बोलले जाते. खनिजातला ऑक्सिजन काढून घेण्यासाठी कोळशाऐवजी हायड्रोजन वापरला, तर धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास १९,७४४ कोटी रुपयांची मान्यता दिली. त्यात पोलादातील प्रयोगांसाठीही तरतूद आहे. या मार्गाने एक टन लोखंडास ५० ते ६० किलो हायड्रोजन लागतो आणि पाण्यापासून तो काढण्यास सुमारे ३,००० युनिट वीज खर्ची पडते. म्हणून हे उद्याचे नव्हे, परवाचे काम आहे. तथापि त्यात एक मर्म दडलेले आहे. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढला की आठ किलो ऑक्सिजन आपोआप मोकळा होतो. म्हणजे टनामागे चाळीसच्या वर सिलिंडर भरतील इतका! ज्या भविष्यकाळावर आपला मित्र भिस्त ठेवून होता, तो आला तर पोलादाचा कारखाना ऑक्सिजनचा ग्राहक न राहता विक्रेता होऊन बसेल.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा पेढीवर गेलो आणि हे सारे त्या दोघांपुढे ठेवले. मुलगा थोडा हिरमुसला. मग त्याने विचारले, "म्हणजे काका, काहीच करू नये?"

मी म्हटले, "तसे मुळीच नाही. देशाचे आकडे बाजूला ठेव. मोटारसायकलवर बस आणि तुझ्या सिलिंडरचे खरे ग्राहक मोजून ये. सिंदखेड राजापासून चिखलीपर्यंत दरवाजे, खिडक्या, ट्रॉल्या आणि शेतीची अवजारे बनवणारे किती कारागीर आहेत? त्यांना महिन्याला किती सिलिंडर लागतात, आज ते कोठून आणतात, उधारी किती दिवसांची असते? भंगार कापणारे किती? ही बेरीज कारखान्याला पुरत असेल तर कारखाना काढ. न पुरल्यास आधी वितरणाचे काम घे. त्यासाठी आजीच्या ठेवीला हात लावावा लागणार नाही."

वडिलांनी मान हलवली. मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्या सर्वच वाचकांच्या उपयोगाच्या आहेत, म्हणून येथे नोंदवतो. पहिली अशी की, सळई घेताना मिलवाल्याला केवळ दर विचारू नये. माल कोणत्या भट्टीतला, तापवण्याला इंधन कोणते, हेही विचारावे. १२ डिसेंबर २०२४ रोजी केंद्राने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली आहे. टनामागे २.२ टनांहून कमी कार्बन डायऑक्साइड सोडणारे पोलाद हरित गणले जाईल आणि त्यास तारांकन मिळेल. शासकीय बांधकामांत उद्या ही विचारणा झाली, तर उत्तर पेढीवर तयार असावे.

दुसरी गोष्ट जपणुकीची. सिलिंडर पेढीवर ठेवावयाचे असतील, तर ऑक्सिजनच्या झडपेला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. तेलाचा स्पर्श झाला की तेथे भडका उडू शकतो. ऑक्सिजन आणि जळणारे वायू वेगवेगळे, उभे आणि साखळीने बांधून ठेवावेत. सिलिंडरवर कोरलेली दाबचाचणीची मुदत पाहिल्यावाचून तो घेऊ नये. आपल्या घरांत पाणी गाळल्यावाचून वापरले जात नाही. तीच दक्षता वायूच्या बाबतीत का नसावी? गळणारी झडप हा खर्च तर आहेच, पण शेजारी काम करणाऱ्या कामगाराच्या जिवाशी खेळही आहे.

निघताना मुलाने ती वही पुन्हा माझ्यापुढे धरली. जुने अंदाजपत्रक त्याने फाडले नव्हते. फक्त पुढचे पान उघडून वर गावांची नावे लिहिली होती: देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, दुसरबीड, मेहकर, चिखली. नावांपुढचे रकाने अजून रिकामे होते. वडील म्हणाले, "आठवड्यातून दोन दिवस जाईल तो. काट्यावर मी बसतो."

मुदत ठेवी अद्याप जागेवर आहेत. रकाने भरल्यावर काय ठरले, ते या सदरातून अवश्य कळवीन.